करार वाचणारी माणसं हवी आहेत

गेल्या अंकात सॉफ्टवेअर कंपन्यांचे करार, डेटा आणि कॉपीराइट या कामाविषयी थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. निम्मी पत्रं या व्यवसायात येऊ बघणाऱ्यांची, निम्मी अडचणीत सापडलेल्यांची. दोन्हींतली काही इथे घेते. कुणाचंही नाव दिलेलं नाही, आणि ज्यांचा वाद चालू आहे त्यांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतपत बदलले आहेत. मी वकील, माझं ऑफिस इंदूरला. सकाळ कोर्टात जाते, दुपारनंतरचा वेळ करारांत. जे लिहिते आहे ते त्या दोन्ही ठिकाणी बघितलेलं आहे.

प्रश्न : माझा मुलगा बी.ए.एलएल.बी.च्या चौथ्या वर्षाला आहे. त्याला टेक्नॉलॉजीचा वकील व्हायचंय. आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी वकील नाही. यजमान म्हणतात, मग आधी कॉम्प्युटरचा चांगला कोर्स कर, कोर्टात वर्षं फुकट घालवू नकोस. तुमचं काय मत?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, कोर्स केल्याने नुकसान काही नाही. पण आम्हाला प्रोग्रॅम लिहावा लागत नाही, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नेमका प्रश्न विचारता यावा लागतो. माझ्याकडे एखादी कंपनी करार घेऊन आली की कायद्याचं पुस्तक मी नंतर उघडते. आधी त्यांच्या इंजिनिअरपुढे कोरा कागद ठेवते आणि सांगते, ग्राहकाने मोबाइलवर बटण दाबल्यापासून त्याची माहिती कुठून कुठे जाते ते काढून दाखव. तो चौकोन काढतो, बाण काढतो. सर्व्हर मुंबईत. बॅकअप सिंगापूरला. ओटीपी पाठवणारी सेवा तिसऱ्याच कंपनीची. आणि तक्रारी बघणारी चार मुलं विजयनगरच्या ऑफिसात बसलेली, त्यांना प्रत्येक ग्राहकाचा नंबर, पत्ता, सगळं दिसतं. आता करार उघडावा तर त्यात वाक्य असतं की ग्राहकाची माहिती भारताबाहेर जाणार नाही आणि कुणा तिसऱ्याच्या हाती पडणार नाही. कंपनीने सही केलेली असते. ते वाक्य कुठल्या तरी दुसऱ्या करारातून आलेलं, धंदा मात्र हिचा. तो चौकोन-बाणांचा कागद माझ्या फाइलीत सर्वांत वर लागतो. तुमच्या मुलाला हा कागद काढून घेता आला पाहिजे, आणि त्याकरता इंजिनिअरशी बोलताना संकोच नको. 'एपीआय म्हणजे काय, मला समजावून सांगा' असं त्याने सरळ विचारावं. सांगणारे आनंदाने सांगतात.

कोर्टातली वर्षं फुकट जातात, हे मात्र मला बिलकुल मान्य नाही. करार लिहिणाऱ्याने तो करार भांडणात कसा उलगडतो ते एकदा तरी उभं राहून बघितलेलं असावं. एक उदाहरण देते. इथल्या कितीतरी सॉफ्टवेअर करारांत एक ओळ असते : 'काम समाधानकारक झाल्यावर उर्वरित रक्कम दिली जाईल.' वाचायला किती साधी! आता दाव्यात बघा. कंपनी म्हणते काम झालं. ग्राहक म्हणतो मला समाधान नाही. समाधान कुणाचं, किती दिवसांत, कशावरून ठरवायचं, याबद्दल कागद गप्प. मग साक्षीपुरावे, ईमेलचे गठ्ठे, पेशीवर पेशी. ज्याने ही उलटतपासणी मागच्या बाकावर बसून ऐकली आहे, तो पुढच्या करारात काय लिहितो? 'आवृत्ती सोपवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत, परिशिष्ट दोनमधल्या चाचण्यांच्या आधारे, ग्राहकाने लेखी हरकत न घेतल्यास काम स्वीकारले असे धरले जाईल.' दोनच ओळी जास्त. पण त्या सुचायला कोर्टातल्या लाकडी बाकाची सवय लागते.

म्हणून माझा सल्ला असा. पदवी झाली की राज्य बार कौन्सिलकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यावी. मध्य प्रदेशचं कौन्सिल जबलपूरला आहे. नोंदणीची फी खुल्या गटासाठी कायद्यात ७५० रुपये आहे, आणि त्याहून जास्त घेता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. कुणी विकास शुल्क, इमारत निधी असं काही सांगू लागलं तर हा निकाल लक्षात असू द्या. नंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ती पुस्तक उघडं ठेवून देता यायची, आता फक्त टिपणं नसलेले मूळ कायदे नेता येतात; तेव्हा मूळ कायदा वाचायची सवय आत्तापासून लावली तर पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल. मग दोन-तीन वर्षं एखाद्या दिवाणी वकिलाकडे काढावीत. तिथे हिंदीत दावा लिहायला शिकेल, कारण जिल्हा न्यायालय हिंदीत चालतं. हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात इंग्रजी लागेल. करार तर शंभरातले नव्व्याण्णव इंग्रजीतच. आपल्या घरातल्या मुलांना तिन्ही भाषा कानावरून गेलेल्या असतात, त्याचा या गावात फार फायदा आहे. दुकानमालकाशी हिंदीत, परदेशी कंपनीशी इंग्रजीत, आणि आजीला मराठीत समजावता आलं तर समजायचं की मुद्दा कळला.

वाचायला काय? सर्वांत आधी १८७२ चा करार कायदा. तंत्रज्ञानातले माझ्याकडचे बहुतेक वाद शेवटी त्याच्याच दोन-चार कलमांवर येऊन थांबतात. मग १९५७ चा कॉपीराइट कायदा, २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. या शेवटच्यात पुढची पंधरा-वीस वर्षं काम आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, बहुतेक जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनंतर लागू होतात, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. दवाखाने, शाळा, कोचिंगवाले, पतसंस्था, सगळ्यांना विचारावं लागेल की आपण लोकांची कोणती माहिती गोळा करतो, कशासाठी, आणि काम झाल्यावर ती पुसतो का.

एक गोष्ट यजमानांनाही सांगा. पहिली काही वर्षं पैसे फार थोडे मिळतात, आणि बरोबर शिकलेली मुलं सॉफ्टवेअर कंपन्यांत पगार घेत असतात. घरच्यांनी तेवढा काळ तुलना केली नाही तर मुलाचा जीव रमतो. ही मदत फीपेक्षाही मोठी आहे.

प्रश्न : मी ग्वाल्हेरची, लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचं तर मुंबई किंवा बंगळूरुला जाणं भागच आहे का? आणि कंपनीत नोकरी घेतली तर वकिली सुटते का?
— ग्वाल्हेर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. होय, सुटते. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. सनद स्थगित करून घ्यावी लागते. नोकरी सोडल्यावर ती पुन्हा सुरू करता येते. हे लपवून दोन्ही चालवणारे आहेत. तू तसं करू नकोस.

आता गावाचं. मोठ्या लॉ फर्म मुंबई, दिल्ली, बंगळूरुलाच आहेत, आणि हजार कोटींचे सौदे शिकायचे असतील तर तिकडे जायला हवं. जायची हिंमत आणि सोय दोन्ही असेल तर जरूर जा, चार-पाच वर्षं काढ. पण इंदूरचं चित्र आता वेगळं आहे. भंवरकुआंजवळचा क्रिस्टल आयटी पार्क, सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस, आणि त्यांच्याहून माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाच्या अशा वीस-तीस माणसांच्या कितीतरी कंपन्या, ज्या जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलियातली कामं करतात. मोठ्या कंपनीचा वकील मुंबईत किंवा बंगळूरुत असतो. या लहान कंपन्यांना वकीलच नसतो. परदेशी ग्राहकाने चाळीस पानी करार पाठवला की मालक शेवटच्या पानावर सही करून परत पाठवतो, कारण काम हातचं जाईल ही भीती. त्या चाळीस पानांत युरोपच्या डेटा कायद्याचं पालन करू असं कबूल केलेलं असतं. त्या कायद्याखाली दंड जागतिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत किंवा दोन कोटी युरोपर्यंत, जे जास्त असेल ते, जाऊ शकतो. आणि ग्राहकाला दंड झाला तर तो आम्ही भरून देऊ, तोही कितीही असो, असंही त्याच पानांत असतं. इथे तुझ्यासारखी मुलगी बसली आणि तिने एवढंच लिहून घेतलं की आमची एकूण जबाबदारी गेल्या बारा महिन्यांत मिळालेल्या फीपेक्षा जास्त असणार नाही, तर तिने एक कंपनी वाचवली. ग्राहक बहुतेकदा थोडी घासाघीस करून मान्यही करतात. कुणी मागतच नाही, हीच अडचण आहे.

वकिलांना जाहिरात करता येत नाही, हे तुला माहीत असेल. तेव्हा अशा कंपन्या शोधत फिरायचं नाही. एकाचं काम नीट कर, तो दुसऱ्याला सांगतो. इंदूरचा बाजार अजून तोंडी शब्दावर चालतो.

प्रश्न : आमची बारा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. मुख्य ॲपचा मोठा भाग तीन वर्षांपूर्वी एका फ्रीलान्सर मुलाकडून करून घेतला होता. त्याचे सगळे पैसे चुकते केले, पावत्या आहेत, ईमेलवर दोन ओळींचा करारही आहे. आता एक जर्मन कंपनी आमचं ॲप विकत घेऊ पाहते आहे. त्यांचे वकील म्हणतात, मालकी तुमची आहे हे दाखवा. पैसे आम्ही दिले, मग मालकी आमची नाही तर कुणाची?
— भंवरकुआं, इंदूर

उत्तर : बहुधा त्या मुलाची. तुम्हाला धक्का बसेल, पण कायदा असाच आहे आणि तो नीट समजून घ्या, कारण या महिन्यात अशाच आशयाची आणखी दोन पत्रं आली आहेत.

कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. साहित्यकृतीचा पहिला मालक तिचा लेखक. कलम १७ मध्ये याला अपवाद आहेत. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मालक नोकरी देणारा. तुमच्या बारा जणांनी लिहिलेला कोड म्हणून तुमचाच. पैसे देऊन फोटो काढून घेतला, चित्र काढून घेतलं किंवा चित्रपट करून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा मालक पैसे देणारा. या यादीत प्रोग्रॅम नाही. म्हणजे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी आपोआप तुमच्याकडे येते आणि पैसे देऊन लिहून घेतलेल्या ॲपची येत नाही. फ्रीलान्सर तुमचा नोकर नव्हता. तेव्हा कोड त्याचा, आणि तुमच्याकडे आहे ती फार तर वापरायची परवानगी. अमेरिकन नमुन्याच्या करारात 'वर्क मेड फॉर हायर' (पैसे देऊन करवून घेतलेलं काम) असे शब्द असतात, ते तुमच्या ईमेलमध्येही आहेत. ते तिथल्या कायद्यातले. आपल्या कायद्यात त्यांच्यावर विसंबून मालकी बदलत नाही.

मालकी द्यायची तर कलम १९ प्रमाणे ती लेखी, आणि देणाऱ्याच्या सहीने द्यावी लागते. तुमच्या ईमेलमधलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : 'पूर्ण पैसे मिळाल्यावर सर्व हक्क कंपनीचे.' समजा कोर्टाने हेच हस्तांतर मानलं. तरी पुढे दोन खड्डे आहेत. किती काळासाठी ते लिहिलेलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं नसेल तर फक्त भारत धरतो. तुमच्या पाचांतली तीन वर्षं संपली. आणि घेणारा आहे जर्मनीत, जिथले हक्क तुम्हाला कधी मिळालेच नाहीत. जर्मन वकिलांनी आडमुठेपणा केलेला नाही. त्यांनी तुमची कोडची तिजोरी उघडून बघितली आहे. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन; त्याच्या नोंदींत प्रत्येक ओळ कुणी, कोणत्या तारखेला लिहिली ते ईमेल पत्त्यासकट दिसतं, आणि तिथे तुमच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत नसलेला एक पत्ता शेकडो वेळा दिसतो.

आता उपाय. तो आहे, आणि वेळही गेलेली नाही. त्या मुलाला आधी फोन करा, नोटीस पाठवू नका. त्याने काम मनापासून केलं होतं, तुम्ही पैसे वेळेवर दिले होते, हे संबंध आज तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहेत. खरं कारण सांगा. विक्री होते आहे हे लपवून सही घेतली तर ती पुढे वादात जाईल, आणि तसं करणं योग्यही नाही. त्याला वेगळा, बरा वाटेल असा मोबदला द्या. मग हस्तांतराचा स्वतंत्र लेख करा. त्यात ॲपचं आणि त्याच्या भागांचं वर्णन हवं, गिटमधल्या पहिल्या आणि शेवटच्या नोंदीच्या तारखा हव्यात. हक्क कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि संपूर्ण जगासाठी दिले, हे शब्द हवेत. मोबदला किती ते हवं. आणखी एक ओळ लोक हमखास विसरतात : मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो परत जातो असं याच कलमात आहे, तसं होणार नाही असं लेखात लिहून घेता येतं, ते लिहून घ्या. योग्य किमतीचा स्टॅम्प, त्याची सही, तुमची सही, दोन साक्षीदार.

त्याच बैठकीत त्याला विचारा की कोडमध्ये बाहेरून काय काय घेतलं. मोफत मिळणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, सारख्या नसतात. एमआयटी किंवा अपाची परवान्याच्या असतील तर श्रेय आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की बहुतेक काम भागतं. जीपीएल परवान्याचा कोड मिसळून ॲप इतरांना दिलं असेल तर तुमचाही कोड त्याच अटींवर खुला करायची जबाबदारी येऊ शकते, आणि विकत घेणारा नेमका तिथे थबकतो. यादी करा, कोणती लायब्ररी कुठे आणि कोणत्या परवान्याखाली. एखादी अडचणीची निघाली तर ती बदलायला तुमच्या मुलांना किती दिवस लागतील ते आधी विचारून ठेवा, मग जर्मन वकिलांशी बोला.

इथून पुढे कुठल्याही फ्रीलान्सरला पहिला हप्ता द्यायच्या आधी हा लेख सही होऊन हातात असला पाहिजे. तुम्ही काम बरोबर केलंत, माणसाला बरोबर वागवलंत. फक्त कागद राहिला. तो आता करून घ्या.

प्रश्न : मी इंदूरचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय ३९. नोकरी सांभाळून पत्राद्वारे एलएल.बी. करून या क्षेत्रात येता येईल का?
— पुणे

उत्तर : पत्राद्वारे नको. दूरशिक्षणातून मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएल.बी. नियमित वर्गातच करावा लागतो आणि हजेरीची अट असते. पूर्णवेळ नोकरी ठेवून ती प्रामाणिकपणे पूर्ण होणं मला तरी कठीण दिसतं.

पण यायची इच्छा खरी असेल तर वय आड येऊ देऊ नका. सिस्टीम कशी बंद पडते हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं आहे. सायबर हल्ला झाला की सहा तासांच्या आत सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवावं लागतं, असा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. त्या सहा तासांत कंपनीत जो गोंधळ असतो त्यात काय तपासायचं, कोणते लॉग (सिस्टीमच्या नोंदी) जपायचे आणि पत्रात काय लिहायचं, हे एकाच माणसाला कळणं किती मोलाचं आहे! तीन वर्षांचा खर्च आणि घरचा संसार यांचा हिशोब मांडा. सनद नको असेल तर तुमच्याच कंपनीत डेटा संरक्षणाचं किंवा करार व्यवस्थापनाचं काम मागा. त्यासाठी वकील असणं सक्तीचं नाही.

प्रश्न : कंपनीने रुजू होताना दोन लाखांचा बाँड लिहून घेतला आणि नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही अशी अटही. मला सोडायचं आहे. दोन्ही अटी रद्दच असतात, असं मित्र सांगतात. खरं का?
— विजयनगर, इंदूर

उत्तर : निम्मं खरं. नोकरी सुटल्यानंतर दुसरीकडे काम करू नये, ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार संपल्यानंतरच्या अशा बंधनाबद्दल हेच म्हटलं होतं. त्या अटीची भीती सोडा.

बाँडचं तसं नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये, ही अट उचलून धरली. तिथे सरकारी बँक होती, भरतीचा खर्च होता, आणि अट नोकरी चालू असतानाची होती. तुमच्या प्रकरणात कंपनीने प्रशिक्षणावर खरोखर काय खर्च केला ते महत्त्वाचं ठरेल. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बाँडमधला आकडा ही कमाल मर्यादा. कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. तुमचं प्रशिक्षण आठवडाभराचं होतं असं तुम्ही लिहिता. तर मग लेखी राजीनामा द्या, नोटीसचा काळ पूर्ण करा आणि आकडा कमी करून मागा.

निघताना कंपनीचा कोड किंवा ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर अजिबात घेऊ नका. तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ चा मामला होतो, आणि मग चांगली बाजूही हरते.

प्रश्न : एआय करार लिहून देतो, वाचूनही देतो. मग ज्युनिअर वकिलांना काय काम उरणार? मुलीला या क्षेत्रात पाठवावं का?
— वडोदरा

उत्तर : पाठवा. माझ्या ऑफिसातही ही साधनं वापरतो. साठ पानी करारातून नुकसानभरपाईच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढायला ती झकास. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. सही वकिलाची होती, म्हणून जबाबदारीही वकिलाचीच. माझा नियम असा की जो निकाल मूळ पानासकट वाचलेला नाही तो अर्जात जात नाही, आणि अशिलाचा करार त्याच्या नावासकट कुठल्याही बाहेरच्या साधनात टाकला जात नाही. ज्युनिअर मुलींकडून मी हेच दोन धडे पहिल्या महिन्यात करून घेते. अशिलासमोर बसून 'ही ओळ तुम्हाला परवडणार नाही' हे सांगणं, आणि तो चिडला तरी सांगत राहणं, हे काम मुलीसाठी उरणार आहे.

प्रश्न : एका मोठ्या कंपनीचं ॲप आम्ही सांभाळतो. त्यांनी सहा बिलं थकवली आहेत, सगळ्यात जुनं अडीच वर्षांपूर्वीचं. करार नाही, सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं होतं. 'पुढच्या आठवड्यात देतो' असे त्यांचे मेसेज आहेत. काही होऊ शकतं का?
— लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : होऊ शकतं, पण आता दिवस मोजून चाला. पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा जुन्या बिलाचे सहा महिनेच राहिले आहेत. 'देतो' हा मेसेज मुदत वाढवतो की नाही यावर वाद होईल. त्याच्या भरवशावर राहू नका.

लेखी करार नाही म्हणून खचून जाऊ नका. मेसेज, ईमेल, बिल आणि त्यांनी चालू ठेवलेला वापर यांतून करार सिद्ध होतो. पुरावा मात्र नीट जपा. स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट पुसून टाकलं की पंचाईत. ज्या फोनवर मेसेज आले तो विकू नका, रीसेट करू नका, सहा महिने तरी बदलू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, एक भाग तुमच्या सहीचा, दुसरा तज्ज्ञाच्या, आणि त्यात फाइलीची हॅश किंमत, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. आधीच्या कायद्यात हेच प्रमाणपत्र कलम ६५ ब मध्ये होतं, आणि ते किती आवश्यक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं ते जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात. म्हणून चॅट आत्ताच एक्स्पोर्ट करून, हॅश काढून, तारखेसकट वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.

तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) काम सुरू होण्याआधीची असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याचा रस्ता सर्वांत चांगला. पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद बघणाऱ्या सरकारी परिषदेकडे, ऑनलाइन करता येते. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याला कोर्टात आव्हान द्यायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मोठ्या कंपन्या या टप्प्यावर बोलणी करायला येतात, असा माझा अनुभव आहे.

नोंदणी नसेल तर तीन लाखांच्या वरचा व्यावसायिक दावा. त्याआधी मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर तो टाळता येत नाही. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो, तेव्हा ती भीती नको.

ॲप बंद करून टाकू का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. तसं करू नका. त्यांच्या ग्राहकांचं नुकसान झालं तर तेच उलटा दावा लावतील. लेखी कळवा की अमुक तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर देखभाल थांबवू, डेटा सुरक्षित सोपवू. त्या पत्राला सहाही बिलांच्या प्रती जोडा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने दोन्हीकडून पाठवा, आणि पोचपावती सांभाळून ठेवा.